नऊ फुटी गल्ली आणि २४ एमएमची लेन्स

आमच्या गावातली जुनी गल्ली नऊ फूट रुंद आहे. मी टेप लावून मोजली आहे. एका अंगाला वाड्याचं सागवानी दार, समोरच्या अंगाला पांढऱ्या मातीची भिंत. त्या भिंतीला पाठ टेकवून उभं राहिलं की कॅमेरा आणि दार यांच्यात जेमतेम साडेआठ फूट उरतात. मागे सरकायला जागाच नाही. कोणती लेन्स घ्यावी हे माझ्यापुरतं या साडेआठ फुटांनी ठरवलं. आता दोन वर्षं ती वापरून झाली, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

लेन्स आहे कॅननची ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ एसटीएम. कॅमेरा कॅननचाच १५००डी. मी वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. शाळा सुटल्यावर आणि रविवारी आसपासच्या गावांतली जुनी दारं आणि भिंतीवरची हातानं काढलेली चित्रं टिपते. पहिलं वर्ष मोबाइलवर गेलं. पुढे कॅमेरा घेतला, त्यासोबत आलेल्या १८-५५ एमएमच्या झूम लेन्सवर (हिलाच किट लेन्स म्हणतात) एक वर्ष काढलं आणि मग ही घेतली. पक्षी, लग्नं, मुलांचे वाढदिवस यांसाठी ही लेन्स कशी आहे ते इथे नाही. दार आणि भिंत, एवढंच.

आधी लेन्सविषयी थोडक्यात. ही २०१४ साली बाजारात आली. जाडी २२.८ मिलिमीटर आणि वजन १२५ ग्रॅम, म्हणजे अदपाव साखरेएवढं. कॅमेऱ्याला लावली की समोर लेन्स आहे की नुसतं झाकण, असा प्रश्न पडावा इतकी चपटी. झूम नाही. १५००डीसारख्या एपीएस-सी, म्हणजे लहान मापाच्या सेन्सरवर तिचा आवाका फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या हिशेबानं साधारण ३८ एमएमचा होतो, म्हणजे डोळ्यानं सहज बघतो त्याहून जरासा मोकळा.

ज्यांना विचारलं त्या प्रत्येकानं मला ५० एमएम सुचवली होती. स्वस्त असते, फोटो देखणे येतात, सगळं खरं. एका सहकारी गुरुजींची मागून आणली आणि पहिल्याच दिवशी अडले. हिशेब सोपा आहे आणि ज्याला दारांचा नाद आहे त्यानं तो एकदा करून बघावा. या सेन्सरची लांब बाजू २२.३ मिलिमीटर. कॅमेरा उभा धरला आणि चौकटीसह सात फुटांचं दार पूर्ण बसवायचं, तर ५० एमएमला जवळपास सोळा फूट मागे जावं लागतं. म्हणजे समोरच्यांच्या घरात शिरून, त्यांची चूल ओलांडून परसात उभं राहायचं. २४ एमएमला तेच दार साडेसात फुटांवरून बसतं. साडेआठ फुटांवर उभं राहिलं तर चौकटीत जवळपास आठ फूट उंच आणि सव्वापाच फूट रुंद भाग येतो. दार, चौकट, वरची गणेशपट्टी, बाजूचा दिव्याचा कोनाडा आणि उंबरठ्यापुढची रांगोळीसुद्धा. आमच्या जुन्या गावठाणातल्या गल्ल्या आठ ते दहा फुटांच्याच आहेत. बैलगाडी जाईल इतकी जागा सोडून घरं बांधली गेली, आणि ही लेन्स त्या मापात नेमकी बसते.

कुणीही विचारील की १८-५५ वर २४चा आकडा असतोच, मग वेगळे पैसे कशाला. विचारणं रास्त आहे. मीही सहा महिने हाच विचार करत होते, आणि घ्यायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की आधी किट लेन्सलाच २४ वर चिकटपट्टी लावून महिनाभर फिरा. मी फिरले. त्या महिन्यात तीन गोष्टी कळल्या.

पहिली गोष्ट शिस्तीची. झूम हातात असला की मी जिथे उभी असेन तिथूनच दार ओढून घ्यायचे. कधी १८ वर, कधी ३५ वर, आणि मग शंभर दारांचे शंभर वेगवेगळे फोटो. शेजारी शेजारी ठेवले तर कोणतं मोठं, कोणतं लहान काहीच कळायचं नाही. एकाच लेन्सनं, एकाच अंतरावरून काढायला लागल्यावर ती एकमेकांशी बोलायला लागली. वाड्याचं दार, कोष्ट्याचं दार, बौद्ध विहाराजवळच्या घराचं निळं दार, गोठ्याचं बाभळीच्या फळ्यांचं कवाड. एकाच मापानं बघितल्यावर कुणाच्या दारात माणूस वाकून जातो आणि कुणाच्या दारात ताठ, हे न सांगता दिसतं.

दुसरी गोष्ट उजेडाची. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं. २४च्या आसपास किट लेन्स एफ/४ पर्यंतच उघडते, ही एफ/२.८ पर्यंत, म्हणजे दुप्पट उजेड आत येतो. तिसरी गोष्ट जवळ जाण्याची, तिच्याबद्दल पुढे सांगते, कारण माझे पैसे खरे वसूल तिथे झाले.

दाराचा फोटो सरळ येणं ही अर्धी लेन्सची आणि अर्धी आपल्या गुडघ्यांची गोष्ट आहे. उभ्यानं कॅमेरा वर किंवा खाली वाकवला की चौकटीचे खांब वर किंवा खाली निमुळते होतात. दोष लेन्सचा नसतो, कॅमेरा वाकलेला असतो. सेन्सर आणि दार समांतर हवेत आणि लेन्स दाराच्या उंचीच्या मध्यावर. आता आमच्याकडची जुनी दारं बुटकी, साडेपाच फुटांचीच कितीतरी. म्हणजे कॅमेरा पावणेतीन फुटांवर आणि १५००डीचा पडदा काही वळत नाही. तेव्हा भर गल्लीत उकिडवं बसायचं, पडद्यावर जाळीच्या रेघा लावायच्या आणि चौकटीची उभी कड रेघेला लावून घ्यायची.

असं बसलेलं बघून एका आजींनी पहिल्यांदा विचारलं होतं, "काऊन वो मॅडम, कवाडाचा कायले काढता फोटो? माणसाचा काढा ना!" मी सांगितलं, तुमचं कवाड फार सुंदर आहे. त्या आत गेल्या आणि पाट घेऊन आल्या. "बसा याच्यावर. गुडघे दुखतीन." मग स्वतः उंबरठ्याशी बसून बोलायला लागल्या. "याच उंबरठ्यावर माप ओलांडलं म्या. तवा हे कवाड नवं होतं. सासरा सांगे, गाडीवर लाकूड आणलं होतं, दोन दिवस लागले." दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या वर, तेलाचा आणि हळदीकुंकवाचा हाताएवढा काळा डाग होता. पन्नास-साठ वर्षं रोज दार लोटताना हात तिथेच पडलेला. मी बाहेरून वीस फोटो काढले होते आणि आतून एकही नव्हता. त्या दिवसापासून, घरचे हो म्हणाले तर, दाराची आतली बाजूसुद्धा काढते.

इथे लेन्सच्या लहानपणाचा फार उपयोग होतो. त्याच सहकारी गुरुजींची मोठी झूम लेन्स घेऊन गेले होते तेव्हा लोकांनी विचारलं, सर्वे आहे का, रस्ता रुंद होणार का, घरकुलाची यादी आली का. या चपट्या लेन्सचा कॅमेरा कुणाला धाक घालत नाही. पर्समध्ये वहीशेजारी मावतो. तरी विचारल्याशिवाय मी कुणाच्या दाराचा फोटो काढत नाही. दार बंद असलं तर पुन्हा जाते. बाईमाणूस आतून बोलते आहे आणि पुरुष घरी नाहीत, असं असेल तर आधी शाळेची ओळख सांगते, चहा नाकारत नाही आणि फोटो तिच्या समोर पडद्यावर दाखवते.

उजेडाचं आमच्याकडे स्वतंत्र गणित आहे. एप्रिल-मे महिन्यात सकाळी आठनंतर ऊन इतकं चढतं की चौकटीच्या सावलीत दार काळंठिक्कर आणि भिंत पांढरीफटक येते. ज्या बाजूवर ऊन पडलेलं नाही ती बाजू धरायची, म्हणजे पूर्वाभिमुख दारं संध्याकाळी आणि पश्चिमेची सकाळी. सगळ्यात चांगले दिवस मला पावसाळ्यातले वाटतात. झड लागलेली असते, आभाळ भरलेलं असतं, कुठेच कडक सावली नसते, आणि ओलं सागवान मधासारखं दिसतं. तेव्हा एफ/५.६ किंवा एफ/८ ठेवते. या छिद्राला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपशील येतो. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत आठ फुटांचा भाग घेतला तर दाराच्या प्रत्येक मिलिमीटरला सुमारे अडीच पिक्सेल मिळतात. खिळ्याच्या डोक्यावरचा ओरखडासुद्धा दिसतो. कडेला जो किंचित फुगवटा येतो तो कॅननच्याच डिजिटल फोटो प्रोफेशनल या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये निघून जातो.

वाड्याच्या ढाळजेत, म्हणजे मोठ्या दारातून आत गेल्यावरच्या बसायच्या जागेत, मात्र जपून. या लेन्समध्ये हात थरथरला तर सावरून घेणारी यंत्रणा नाही. ढाळजेत दिवसाही अंधार, आणि आतल्या दारावरची नक्षी टिपायला मी १/१० सेकंदावर गेले. घरी येऊन बघितलं तर सगळे फोटो हललेले. हातात धरून १/४० च्या खाली जायचं नाही, हा धडा मला त्या दिवशी मिळाला. पुढच्या खेपेला घरमालकांनी सोयाबीनचं पोतं ओढून दिलं, त्यावर कॅमेरा ठेवला, दोन सेकंदांचा टायमर लावला आणि एक सेकंदाचा फोटोसुद्धा स्वच्छ आला. एक गोष्ट आणखी. हिचा हातानं फिरवायचा फोकस मोटरवर चालतो, कॅमेरा बंद असला तर रिंग नुसती फिरते. नव्या माणसाला लेन्स बिघडली असं वाटू शकतं. बिघडलेली नसते.

आता भिंतींकडे येते. आमच्या भागातली भिंतीवरची कला म्हणजे शहरातल्या उड्डाणपुलाखालची चित्रं नव्हेत. इथे सगळ्यात जास्त चित्रं लग्नाची. घरात कार्य निघालं की दर्शनी भिंतीला चुना आणि मग पेंटर येतो. दाराच्या दोन्ही बाजूंना मोर किंवा हत्ती, वर कलश, मधोमध गणपती, आणि वधूवरांची नावं तारखेसह. पुढच्या लग्नापर्यंत ती भिंत तशीच राहते. त्यामुळे गावातून फिरताना कोणत्या घरात शेवटचं लग्न कधी झालं हे भिंतीच सांगतात. एका घराच्या भिंतीचा पोपडा निघालेला होता आणि त्याखाली जुन्या लग्नाच्या मोराचं निळं पीस दिसत होतं. वरचा मोर मुलाच्या लग्नाचा, खालचा त्याच्या आत्याच्या. त्या पिसाचा रंग वरच्यापेक्षा गडद आणि रेघ जास्त सराईत आहे. पेंटरनं ब्रश एकदाच टेकवून शेवटपर्यंत नेलेला दिसतो, मध्ये कुठे थांबलेला नाही.

याशिवाय हाती खराटा आणि डोक्यावर गाडगं घेतलेले गाडगेबाबा पाण्याच्या टाकीवर, तुकडोजी महाराज ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, "गण गण गणात बोते" प्रत्येक चौथ्या घरावर, शाळांच्या बोलक्या भिंतींवर पाढे आणि मुळाक्षरं, आणि कापसाच्या बियाण्याच्या, फवारणीच्या औषधांच्या जाहिराती विटांच्या उघड्या भिंतींवर. जाहिरातींना मी एके काळी कला मानत नव्हते. मग एकदा एका पेंटरला शिडीवर उभं राहून, दोरी न लावता, नुसत्या नजरेनं दोन फुटी अक्षर सरळ ओढताना पाहिलं आणि मत बदललं. फ्लेक्स आल्यापासून ही अक्षरं कमी होत चालली. फ्लेक्स उन्हानं दोन वर्षांत फाटतो आणि गोठ्यावर झाकायला जातो. चुना-गेरूची अक्षरं वीस वर्षांनीही वाचता येतात.

भिंतीच्या बाबतीत ही लेन्स तोकडी पडते, हे स्पष्ट सांगायला हवं. वीस फुटी भिंत नऊ फुटी गल्लीतून एका फोटोत यायची नाही. कॅमेरा आडवा धरला तरी आठ फूट. मग मी भिंतीला समांतर चालत, दर दोन पावलांवर थांबत चार-पाच फोटो घेते, प्रत्येकात आधीच्या फोटोचा एक तृतीयांश भाग पुन्हा येईल असं बघते आणि घरी ते जोडते. झूम नसल्यामुळे सगळ्या फोटोंचं माप एकच राहतं आणि जोड बेमालूम बसतो. जागेवर उभं राहून नुसता कॅमेरा फिरवला तर भिंत धनुष्यासारखी वाकते, म्हणून पायांनीच चालायचं. हे काम माझ्या पाचवीच्या मुलांना फार आवडतं. ती खडूनं जमिनीवर खुणा करतात आणि मला पावलं मोजून देतात.

गावाबाहेर ही लेन्स कुठे कुठे नेली ते थोडक्यात सांगते. कारंजा शहराच्या चारी वेशींवर जाऊन आले. दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस आणि दारव्हा वेस, ज्या दिशेचा रस्ता त्या गावाचं नाव. वेशीसमोर उभं राहायला जागा मिळते, त्यामुळे २४ एमएम पुरते. खरी मजा आतल्या पेठांत आणि गुरुमंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांत आहे, जिथे जुन्या घरांचे लाकडी खांब आणि दारं अजून शाबूत आहेत, आणि तिथे हिच्याइतकी सोयीची लेन्स माझ्या हाती आलेली नाही. नरनाळा किल्ल्यावरचा महाकाली दरवाजा हा माझ्या लेखी आपल्या वऱ्हाडातला सगळ्यात देखणा दरवाजा. इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क याच्या काळातला, १४८७ सालचा शिलालेख त्यावर आहे. दगडात कोरलेली कमळं, सज्जे, जाळ्या. समोर मोकळी जागा असल्यामुळे पूर्ण दरवाजा एका फोटोत आला आणि मग जवळ जाऊन एकेक कमळ घेता आलं.

चंद्रपुरात मात्र झूम नसल्याची खंत वाटली. तिथल्या परकोटाला जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार मुख्य दरवाजे आहेत, आणि त्यांच्यावर हत्तीवर झेप घेणारा सिंह हे गोंड राजांचं चिन्ह कोरलेलं आहे. ते इतकं उंचावर आहे की २४ एमएमच्या फोटोत बोटाच्या नखाएवढं येतं. त्यात जटपुरा दरवाज्यातून वाहनांची रीघ. तुमचा कल वेशी, बुरूज, गढ्या यांच्याकडे जास्त असेल तर पैसे ५५-२५० सारख्या लांब पल्ल्याच्या लेन्सवर घाला. ही त्यासाठी नाही.

आता ती तिसरी गोष्ट. ही लेन्स सोळा सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. हे माप सेन्सरपासूनचं, म्हणजे लेन्सच्या तोंडापासून नऊ-साडेनऊ सेंटिमीटरच. किट लेन्स पंचवीसच्या आत येत नाही. सर्वांत जवळ गेल्यावर फोटोत सव्वाआठ बाय साडेपाच सेंटिमीटरचा तुकडा भरून येतो. कडी, कोयंडा, साखळीची एक कडी, बिजागरीवर लोहारानं ठोकलेला ठसा, पोळ्याला दाराशी खोचलेल्या पळसाच्या डहाळीचं वाळलेलं पान, महालक्ष्मीच्या पावलांतली एक करंगळी. इतक्या जवळ गेलं की कॅमेऱ्याची स्वतःचीच सावली पडते, म्हणून बाजूनं यायचं आणि मुलांपैकी कुणाला तरी पांढरा पुठ्ठा धरायला लावायचा. पहिल्यापासून एक सवय लावून घेतली, ती सगळ्यांनी लावावी असं वाटतं. नक्षीच्या शेजारी शाळेची फूटपट्टी धरायची. माप फोटोतच राहतं.

खरेदीबद्दल. मी ही जुनी घेतली, साडेसात हजारांत. त्याआधी मोठ्या शहरातल्या एका दुकानातून हीच लेन्स आणली होती, घरी येऊन मोबाइलचा टॉर्च मागून मारला तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दुकानदार परत घ्यायला तयार नव्हता. तीन चकरा, दोन वेळा वाद आणि शेवटी पाचशे रुपये कापून पैसे मिळाले. जुनी लेन्स घेताना दुकानातच टॉर्च मारून बघा, दोन्ही बाजूंनी. फोकस जवळून लांबवर नेताना घरघर येते का ऐका. पुढच्या फिल्टरचं माप ५२ एमएम, एक साधा फिल्टर लगेच लावा, कारण आमच्या रस्त्यावरची धूळ लेन्सला सोडत नाही. पावसाळ्यात मी कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवते आणि जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून घेते. आणखी एक, कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरला ही लेन्स बसत नाही. नव्या आरएफ माउंटच्या मिररलेस कॅमेऱ्यांना अडॅप्टर घेऊन बसते.

नवा मोबाइल असलेल्यानं हे सगळं घ्यावं का? नुसती आवड म्हणून, पडद्यावर बघायला, मोबाइल पुरेसा आहे, माझं पहिलं वर्ष त्यावरच गेलं आणि त्यातले काही फोटो मला आजही प्रिय आहेत. पण मोबाइलची नेहमीची लेन्स आणखी पसरट असते, जवळ गेलं की उंबरठा फुगतो. छापून भिंतीवर लावायचं असेल किंवा त्या फोटोवरून कुणाला काही काम करायचं असेल, तर फरक पडतो. हे मला मागच्या वर्षी कळलं.

ज्या दारापासून मी सुरुवात केली, त्या वाड्याच्या दाराची गणेशपट्टी ऑगस्टच्या झडीत पडली. आतून उधईनं पोखरलेली होती, वरून रंगानं धरून ठेवलेली. मधला गणपती वाचला, उजवीकडची वेल भुगा झाली. वाड्यात आता एकच भाऊ राहतात, शेती करतात. त्यांनी ते दार विकलं नाही, आणि हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण जुनी दारं घ्यायला गाडी घेऊन फिरणारे लोक आमच्याकडे येतात आणि रोख पैसे देतात. आसपासच्या चार गावांतली अकरा दारं माझ्या फोटोंत आहेत आणि आता जागेवर नाहीत. भाऊंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि मांडव पडायच्या आत पट्टी पुन्हा बसवायची होती. सागवान आपल्या विदर्भात कमी नाही. अयोध्येच्या राम मंदिरासाठीसुद्धा २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान गेलं. लाकूड मिळालं, पण वेलीचा नमुना नव्हता.

शेजारच्या गावचे सुतारबाबा आले. सत्तरीचे, चष्म्याला दोरा बांधलेला. भाऊंनी माझं नाव सांगितलं आणि मी फोटो घेऊन गेले. समोरून काढलेला पूर्ण दाराचा एक, आणि जवळून काढलेले उजव्या वेलीचे सहा, प्रत्येकात फूटपट्टी. बारा बाय अठरा इंचांवर छापून आणले होते. बाबांनी आधी पूर्ण दाराचा फोटो घेतला, जमिनीवर ठेवला, कंपासनं चौकटीचा एक खांब वर मोजला आणि खाली मोजला. दोन्ही सारखे भरले. "सरय हाये," ते म्हणाले. "याच्यातून माप निंगते." मग वेलीचे फोटो एकापुढे एक मांडले, फूटपट्टीवरच्या रेघा मोजल्या, आणि पान किती रुंद, देठ कुठे वळतो, दोन पानांमध्ये किती जागा, हे पेन्सिलीनं लाकडावर उतरवायला लागले. एका पानाच्या टोकाशी बोट ठेवून म्हणाले, "इथं त्याची पटाशी घसरली. पाहा. मंग त्यानं तिथं कळी काढली." मी तो फोटो किती वेळा बघितला होता, ती कळी मला नक्षीचाच भाग वाटली होती. जुन्या कारागिराची चूक आणि त्याची युक्ती, दोन्ही त्या सव्वाआठ सेंटिमीटरांत होत्या. मी विचारलं, नव्या पट्टीत ती कळी ठेवणार का? "ठेवतो ना. हे त्याचंच काम हाये."

नऊ दिवसांत पट्टी तयार झाली. बसवायच्या दिवशी मी शाळेतून थेट तिथे गेले. बाबा डावीकडची जुनी वेल हातानं चाचपत होते, तिचंही एक टोक उधईनं धरलेलं निघालं होतं. त्यांनी मागे न बघताच हात पुढे केला आणि म्हणाले, "मॅडम, डावीकडचे फोटो द्या."

डावीकडचे जवळून काढलेले फोटो माझ्याकडे नव्हते. दोन्ही बाजू सारख्याच असतात असं समजून मी उजवीकडचेच काढले होते. मी पर्समधून कॅमेरा काढला, भाऊंनी पाट आणून दिला, आणि जे टोक अजून शिल्लक होतं त्याच्याशेजारी पाचवीतल्या एका मुलीनं फूटपट्टी धरली.